समाजमाध्यमांवरची बँक : तिच्याशी बोलावे कसे, तक्रार नोंदवावी कुठे

सप्टेंबर २०१९ मधील दोन दिवसांची हकीकत आधी सांगितली पाहिजे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबरच्या आदेशाने निर्बंध घातले. खात्यातून सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील, अशी अट त्यात होती. २४ तारखेला खातेदारांच्या मोबाईलवर निर्बंधांची खबर देणारा खुद्द बँकेचाच संदेश आला. वाचणाऱ्याला कोणीतरी खोडी काढली आहे असेच वाटावे, असा तो संदेश होता. पण तो खरा होता. शाखांसमोर गर्दी झाली. त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर दुसरा एक संदेश फिरू लागला. रिझर्व्ह बँक नऊ बँका कायमच्या बंद करणार आहे, आपले पैसे ताबडतोब काढून घ्या, असा त्याचा मजकूर होता. यादीत बँक ऑफ महाराष्ट्रचे नाव होते, देना बँकेचेही होते. देना बँक तर १ एप्रिल २०१९ रोजीच बँक ऑफ बडोदात विलीन झाली होती. जी बँक सहा महिन्यांपूर्वीच उरली नाही, ती आता बंद कशी होणार? पण एवढा विचार करायला कोणाला सवड होती? २५ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेला ट्विटरवर लिहावे लागले की, या बातम्या खोट्या आहेत.

एकाच मोबाईलवर, दोन दिवसांच्या आत, एक खरा निरोप आणि एक खोटा निरोप. दोन्ही सारख्याच अक्षरांत, सारख्याच घाईत. आज बँका आपल्याशी याच रस्त्याने बोलतात. म्हणून व्यापारी आणि कारागीर बांधवांनी हा रस्ता नीट समजून घेतला पाहिजे.

पूर्वी बँक म्हणजे शाखा, आणि शाखा म्हणजे ओळखीचा कॅशियर. काही अडले तर मॅनेजरच्या टेबलापुढे जाऊन बसायचे. परदेशांत २००८-०९ च्या सुमारास बँकांनी ट्विटरवर ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे रिझर्व्ह बँक २०१२ च्या जानेवारीत ट्विटरवर आली, स्टेट बँक २०१३ मध्ये फेसबुक आणि ट्विटरवर आली. मध्यंतरी खासगी बँकांना वाटले की, पैसे पाठवण्याचे कामही इथेच व्हावे. कोटक महिंद्रा बँकेने २०१४ मध्ये फेसबुकच्या आधारे, तर आयसीआयसीआय बँकेने २०१५ मध्ये ट्विटरच्या आधारे पैसे पाठवण्याची सोय काढली. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि या सोयींचे कारणच उरले नाही. पुढे व्हॉट्सॲप बँकिंग आले. स्टेट बँकेने ते जुलै २०२२ मध्ये सुरू केले. खात्यातली शिल्लक विचारा, शेवटचे काही व्यवहार पाहा, अशा किरकोळ चौकशीसाठी ही सोय चांगली आहे. दुकान उघडे ठेवून, गिऱ्हाईक समोर असताना, शाखेत फेरी न मारता शिल्लक कळते, हे काही थोडे नाही.

समाजमाध्यमांवर बँक तीन कामे करते. पहिले काम जाहिरातीचे. कर्ज, कार्ड, विमा, सणासुदीच्या सवलती. त्याविषयी इथे जास्त लिहायचे कारण नाही. जाहिरात ही जाहिरात असते, आणि मोबाईलवर आलेली ‘पूर्वमंजूर’ कर्जाची ऑफर म्हणजे बँकेने आपल्या धंद्याचा अभ्यास करून घेतलेला निर्णय आहे, असे समजू नये. दुसरे काम सूचना देण्याचे : अमुक वेळेत यंत्रणा बंद राहील, अमुक फसवणुकीपासून सावध राहा, अमुक नियम बदलला. तिसरे काम तक्रारी ऐकण्याचे. आपला संबंध मुख्यतः या तिसऱ्या कामाशी आहे.

तक्रार ऐकली जाते, ती का? बँकेच्या काउंटरवर आपण आवाज चढवला तर तो चार माणसे ऐकतात. उघड्या माध्यमावर लिहिले तर ते गावाबाहेरचे, देशाबाहेरचेही वाचतात. २०११ सालची अमेरिकेतली गोष्ट आहे. बँक ऑफ अमेरिकाने सप्टेंबरच्या अखेरीस जाहीर केले की, डेबिट कार्ड वापरणाऱ्यांकडून महिना पाच डॉलर घेतले जातील. लोकांनी इंटरनेटवर सह्यांची मोहीम चालवली, फेसबुकवरून एकमेकांना सांगितले की, ५ नोव्हेंबरपर्यंत मोठ्या बँकांतली खाती छोट्या सहकारी संस्थांत हलवा. १ नोव्हेंबरला बँकेने तो आकार मागे घेतला. पाच आठवडेही लागले नाहीत. तेव्हापासून बँकांना कळून चुकले की, इथे लिहिले गेलेले दुर्लक्षून चालणार नाही.

म्हणूनच मोठ्या बँकांत आज एक पथक दिवसभर हेच पाहत बसलेले असते. बँकेचे नाव कुठे कोणी लिहिले, हे संगणक शोधून देतो. कौतुक एका बाजूला, तक्रार दुसऱ्या बाजूला. मग उत्तर जाते : ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, कृपया तपशील खासगी संदेशात पाठवा.’ हे उत्तर लिहिणाऱ्या माणसाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तो आपल्या शाखेतला नसतो. बऱ्याच ठिकाणी हे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवलेले असते. तो आपली तक्रार नोंदवून संबंधित विभागाकडे किंवा शाखेकडे ढकलतो. त्याच्या हातात निर्णय नसतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही आणि त्याच्या गोड उत्तरावर विसंबूनही उपयोग नाही.

बँकेचा शब्दही प्रत्येक वेळी शेवटचा मानू नये. इंग्लंडमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपली सारी खाती जुन्या संगणक यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवली. ते काम फसले आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना आपलीच खाती उघडता येईनात. चौथ्या-पाचव्या दिवशी बँकेच्या मुख्याधिकाऱ्याने ट्विटरवर लिहिले की, मोबाईल व इंटरनेट सेवा आता सुरू झाली आहे. प्रत्यक्षात हजारो लोक अजून दाराबाहेरच होते. ते त्याच्या खालीच तसे लिहू लागले. या गोंधळाचा फायदा भामट्यांनी उठवला. त्रस्त ग्राहकांना बँकेच्या नावाने संदेश आणि फोन गेले. सुमारे १,३०० ग्राहकांचे पैसे गेल्याचे बँकेने संसदेच्या समितीपुढे सांगितले. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियंत्रकांनी या बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला.

दाराशी बसलेला भामटा

टीएसबीच्या ग्राहकांना जे भोगावे लागले, ते आपल्याकडे रोज घडते, फक्त लहान प्रमाणात. त्याची रीत अशी. समजा, मालेगावचा एक यंत्रमागधारक सुताच्या व्यापाऱ्याला यूपीआयने अठरा हजार रुपये पाठवतो. खात्यातून रक्कम वजा झाली, पण सूतवाल्याला पोचली नाही. तो बँकेच्या नावाचा उल्लेख करून ट्विटरवर (जुलै २०२३ पासून याचे नाव एक्स आहे) तक्रार लिहितो आणि लवकर संपर्क व्हावा म्हणून आपला मोबाईल नंबरही देतो. पाच मिनिटांत उत्तर येते. नाव बँकेचे, चिन्ह बँकेचे, भाषा नम्र. ‘आमचे अधिकारी आपल्याला फोन करतील.’ फोनही येतो. पलीकडचा माणूस रक्कम सांगतो, तारीख सांगतो, शाखेचे नावही सांगतो. हे सारे त्याला ठाऊक कसे? आपणच तर लिहिले होते! मग तो एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगतो, किंवा व्हॉट्सॲपवर एक फाईल पाठवतो, किंवा ‘रक्कम परत घेण्यासाठी’ पिन टाकायला सांगतो.

इथे धंद्याचा साधा हिशोब वापरावा. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, फक्त देण्यासाठी लागतो. दुसऱ्याच्या मोबाईलचा पडदा दुरून दाखवणाऱ्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. त्या वेळी ‘एनीडेस्क’ या ॲपचे नाव घेऊन इशारा दिला गेला. ॲप स्वतः वाईट नाही, संगणक दुरुस्त करणारे ते रोज वापरतात. पण ते अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून उतरवून घेणे म्हणजे गल्ल्याची किल्ली रस्त्यावरच्या माणसाच्या हाती देणे होय. व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘एपीके’ प्रकारच्या फाईलचेही तेच. ती उघडली की, आपल्या मोबाईलवर येणारे ओटीपी तिकडे वाचले जाऊ शकतात.

बनावट खाते ओळखायचे कसे? पूर्वी नावापुढच्या निळ्या खुणेवर भरवसा ठेवता येत असे. ट्विटरने नोव्हेंबर २०२२ मध्ये ती खूण पैसे भरणाऱ्याला द्यायला सुरुवात केली. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या इलाय लिली या औषध कंपनीच्या नावाचे एक खोटे खाते निळी खूण घेऊन उभे राहिले आणि इन्सुलिन आता फुकट मिळेल असे त्याने जाहीर केले. कंपनीला माफीचा खुलासा करावा लागला. सारांश, निळी खूण म्हणजे ओळखपत्र नव्हे. संस्थांसाठी आता सोनेरी खूण असते, ती थोडी बरी. त्याहून बरे म्हणजे खात्याच्या नावाचे एकेक अक्षर वाचणे, खाते कधी उघडले ते पाहणे, आणि त्याने आधी काय काय लिहिले ते पाहणे. बँकेच्या खात्यावर वर्षानुवर्षांचा मजकूर असतो. भामट्याच्या खात्यावर चार दिवसांचा. शिवाय बँक उघड उत्तरात दहा आकडी खासगी मोबाईल नंबर देऊन ‘यावर फोन करा’ असे म्हणत नाही.

सर्वात सोपा नियम मात्र निराळाच आहे. जो आपल्याकडे चालून आला त्याच्याशी बोलू नये. आपण स्वतः ज्या दाराशी गेलो तिथेच बोलावे. बँकेचा नंबर पासबुकावर असतो, कार्डाच्या मागे असतो, शाखेतल्या फलकावर असतो. तो तिथूनच घ्यावा. गुगलवर शोधून घेऊ नये. २०१८ मध्ये गुगलच्या नकाशावर बँक शाखांचे फोन नंबर बदलून तिथे भामट्यांनी आपले नंबर टाकल्याचे प्रकार महाराष्ट्रातच उघडकीस आले होते. अलीकडे रिझर्व्ह बँकेने दोन चांगल्या गोष्टी केल्या. एक, बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर न्यावीत असा हुकूम काढला. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. दुसरी, खात्यासंबंधीचे फोन बँकांनी १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच करावेत आणि जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून, असे जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. पत्त्याचा शेवट आणि फोनची सुरुवात, एवढे पाहण्याची सवय लागली तरी बरेच काम होते.

ट्विटरवर लिहिले म्हणजे तक्रार झाली काय?

इथेच आपले बरेच बांधव चुकतात. समाजमाध्यमावर लिहिले, बँकेने ‘दिलगीर आहोत’ म्हटले, आता काम होईल म्हणून ते वाट पाहत बसतात. पण पैसे परत मिळण्याचा हक्क ज्या नियमांवर उभा आहे, ते दिवस मोजतात.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक पाहा. खात्यातून आपल्या परवानगीशिवाय इलेक्ट्रॉनिक मार्गाने पैसे गेले आणि त्यात चूक ना बँकेची ना आपली, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीच भार पडत नाही, असे त्यात ठरवले गेले. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवल्यास भाराला मर्यादा घातली : बचत खाते आणि लघुउद्योगाचे चालू किंवा कॅश क्रेडिट खाते यांना दर व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये, इतर मोठ्या चालू खात्यांना २५,००० रुपये. सात दिवसांनंतर बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवणार. आणि आपणच ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे सारे नुकसान आपले. कळवल्यानंतरचे मात्र बँकेचे. म्हणजे लाज वाटून दोन दिवस गप्प बसणे सर्वात महाग पडते. यातून एक गोष्ट ध्यानात येते की, बँकेच्या दप्तरी आपल्या चालू खात्याची नोंद लघुउद्योग म्हणून आहे की नाही, हे विचारून ठेवणे फायद्याचे आहे. माग, कारखाना किंवा जरीकामाची गाळी चालवणाऱ्यांनी उद्यम नोंदणीचा कागद शाखेत एकदा दाखवून ठेवावा.

आता ‘कळवणे’ म्हणजे काय? त्याच परिपत्रकात बँकांनी चोवीस तास कोणते मार्ग खुले ठेवावेत हे दिले आहे : संकेतस्थळ, फोन बँकिंग, एसएमएस, ईमेल, आयव्हीआर, खास टोल-फ्री नंबर, आपली शाखा इत्यादी. फेसबुक-ट्विटरचे नाव तिथे घेतलेले नाही. कळवल्याबरोबर तक्रार क्रमांक दिला पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. तेव्हा आधी या मार्गांपैकी एकाने कळवून क्रमांक घ्यावा, तारीख आणि वेळ आपल्या खातेवहीत लिहून ठेवावी. पैसे चोरीला गेले असतील तर त्याच घडीला १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा. रक्कम भामट्याच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवता आली तरच ती सापडते.

यूपीआयचा व्यवहार फसला असेल तर आणखी एक नियम उपयोगी पडतो. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला केलेला व्यवहार अर्धवट राहिला तर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, व्यक्तीला पाठवलेली रक्कम एका दिवसात. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. आपल्या यंत्रमागधारकाला हे ठाऊक असते, तर त्याने पाच मिनिटांत आलेल्या ‘अधिकाऱ्या’चा फोन उचललाच नसता.

क्रमांक मिळाल्यावर, काही दिवस उत्तर नाही असे पाहून, मग समाजमाध्यमाकडे वळावे. तेव्हा ते जोर लावण्याचे साधन होते. लिहिताना थोडक्यात आणि सभ्य लिहावे. उदाहरणार्थ : ‘माझ्या चालू खात्यातून १२ तारखेला एकाच बिलाचे पैसे दोनदा कापले गेले. १३ तारखेला शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. तक्रार नोंदवली आहे, दहा दिवसांत उत्तर नाही. कृपया लक्ष घालावे.’ एवढे पुरे. खाते क्रमांक, मोबाईल नंबर, कार्डाचा फोटो, पासबुकाचे पान, यांतले काहीही उघड लिहू नये. तक्रार क्रमांकही बँकेच्या खऱ्या खात्याची खात्री करून खासगी संदेशातच द्यावा. शिवीगाळ करू नये, मॅनेजरचे नाव घेऊन आरोप करू नयेत. त्यातून मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि आपणच अडचणीत येतो. लिहिलेल्याचा आणि आलेल्या उत्तराचा पडदाफोटो जपून ठेवावा. शाखेतला अर्ज मराठीत लिहावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. ज्यांना मोबाईलवर लिहिण्याची सवय नाही त्यांनी समाजमाध्यमाच्या भानगडीत पडलेच पाहिजे असे नाही. शिक्का मारलेली ही प्रत शंभर ट्वीटना भारी आहे.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर पुढचा दरवाजा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी बँका, वित्त कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्या तीन वेगवेगळ्या योजना एक करून एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली. तक्रार विनामूल्य आहे. ती रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर करता येते, किंवा ठरलेल्या नमुन्यात लिहून चंदीगडच्या केंद्राकडे टपालाने पाठवता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. लोकपाल पहिला प्रश्न हाच विचारतो की, आपण बँकेकडे लेखी तक्रार केव्हा केली आणि तिची पोच कुठे आहे. आपल्यापैकी अनेकांची खाती नागरी सहकारी बँकांत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच बँकांचे समाजमाध्यमांवर पानही नाही. या योजनेत शेड्यूल्ड सहकारी बँका घेतल्या आहेत आणि ५० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या इतर नागरी सहकारी बँकाही. आपली बँक त्यात बसते की नाही हे तिच्या वार्षिक अहवालातील ठेवींच्या आकड्यावरून कळते. हा अहवाल सभासदाला शाखेत मागता येतो.